व्हिएतनामी टंकलेखन अ‍ॅड-ऑन

नेहमीच्या इंग्रजी कळफलकावरून व्हिएतनामी भाषेतील चिन्हांकित अक्षरे उमटवण्यासाठी ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या आज्ञावलीस व्हिएतनामी टंकलेखन अ‍ॅड-ऑन असे म्हणतात. 'एव्हिम' हे या प्रकारातील एक परिचित नाव आहे. संगणकावर नवी आज्ञावली बसवण्याची मुभा नसलेल्या वापरकर्त्यांना, उदाहरणार्थ ग्रंथालयातील सामाईक संगणकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा परदेशस्थ व्हिएतनामी कुटुंबाला, अशा साधनाचा विशेष उपयोग होतो. मात्र त्याची मांडणी (सेटिंग) समजून न घेता ते वापरल्यास शब्दांचे अर्थ पालटतात.

पार्श्वभूमी

व्हिएतनामी भाषा आज रोमन वर्णांवर आधारलेल्या 'क्वोक न्गू' या लिपीत लिहिली जाते. युरोपीय धर्मप्रसारकांनी सतराव्या शतकात ही लेखनपद्धती घडवली. अलेक्झांडर द ऱ्होड्स यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. या वर्णमालेत २९ अक्षरे आहेत. इंग्रजीतील एफ, जे, डब्ल्यू आणि झेड ही चार अक्षरे तीत नाहीत; उलट सात अक्षरे अधिकची आहेत. ए, ई आणि ओ यांवर टोपीसारखी खूण येते, ए या अक्षराचे मराठीतील अर्धचंद्रासारखी खूण असलेले आणखी एक रूप आहे, ओ आणि यू यांना बाजूला लहानसे शिंग फुटते, तर डी या अक्षराला आडवी रेघ छेदून जाते.

याखेरीज भाषेत सहा सूर आहेत. एक सूर चिन्हाविना लिहितात, उरलेल्या पाचांसाठी स्वरावर किंवा स्वराखाली स्वतंत्र खुणा असतात. 'मा' हे एकच अक्षरसमूह सुरानुसार भूत, आई, परंतु, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ देऊ शकते. त्यामुळे चिन्ह गाळणे ही मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीपेक्षा बरीच मोठी चूक ठरते.

बारा स्वर आणि सहा सूर यांची ७२ रूपे होतात. त्यांतील सहा रूपे साध्या इंग्रजी कळफलकावर आधीच असतात. उरलेली ६६ आणि रेघेचा डी मिळून ६७, आणि लहान-मोठी लिपी धरून १३४ चिन्हे वेगळी उमटवावी लागतात. इतक्या कळा कोणत्याही कळफलकावर मावणार नाहीत, म्हणून साध्या कळांच्या जोड्यांतून ही अक्षरे साधण्याच्या पद्धती निर्माण झाल्या.

टंकलेखनाच्या पद्धती

अ‍ॅड-ऑन बसवल्यावर पहिली निवड करावी लागते ती पद्धतीची. तीन पद्धती मुख्य आहेत.

'टेलेक्स' पद्धतीचा उगम तारसंदेशांत आहे. चिन्हे पाठवता येत नसल्याने त्यांच्या जागी अक्षरे पाठवण्याचा संकेत तेव्हा रूढ झाला. या पद्धतीत ए, ई, ओ किंवा डी ही कळ दोनदा दाबली की अनुक्रमे टोपीचे वा रेघेचे अक्षर मिळते. डब्ल्यू दाबल्यास अर्धचंद्र किंवा शिंग येते. सुरांसाठी एस, एफ, आर, एक्स आणि जे या कळा आहेत, आणि झेड दाबल्यास सूर पुसला जातो. या निवडीमागील योजकता पाहण्यासारखी आहे. एफ, जे, डब्ल्यू आणि झेड ही अक्षरे व्हिएतनामीत मुळातच नाहीत, तर एस, आर आणि एक्स ही शब्दावयवाच्या शेवटी कधी येत नाहीत. म्हणजे भाषेने मोकळ्या सोडलेल्या जागाच या पद्धतीने कामाला लावल्या. 'व्हिएत' हा शब्द व्ही, आय, ई, ई, टी, जे अशा क्रमाने लिहिता येतो.

कॅलिफोर्नियातील व्हिएतनामी समाजातून पुढे आलेल्या 'व्हीएनआय' पद्धतीत अक्षरांऐवजी अंक वापरतात. १ ते ५ हे पाच सूर, ६ म्हणजे टोपी, ७ म्हणजे शिंग, ८ म्हणजे अर्धचंद्र आणि ९ म्हणजे डीची रेघ; ० ने सूर पुसला जातो. अक्षरांची सरमिसळ होत नसल्याने नवशिक्यास ती सोपी वाटते, परंतु मजकुरात आकडे वारंवार येत असतील तर अडचणीची ठरते.

तिसरी पद्धत 'व्हीआयक्यूआर'. ती इंटरनेटवरील मजकुरासाठी १९९३ मध्ये नोंदवली गेली. तीत विरामचिन्हेच सुरांची खूण म्हणून वापरतात. पूर्णविराम हा खालच्या टिंबाचा आणि प्रश्नचिन्ह हे दुसऱ्या एका सुराचा संकेत असल्याने स्वरान्त शब्दाने संपणारे वाक्य नीट मिटवण्यासाठी पूर्णविरामापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. हे विसरल्यास वाक्याच्या शेवटी आई किंवा भूत यांच्या जागी भाताचे रोप उगवते.

काही अ‍ॅड-ऑनमध्ये 'आपोआप' असाही पर्याय असतो. त्यात एकाहून अधिक पद्धतींचे संकेत एकाच वेळी ओळखले जातात. सोय वाटली तरी अनवधानाने चिन्ह उमटण्याचा धोका त्यात सर्वाधिक असतो. एकच पद्धत निश्चित करून तिची सवय लावणे अधिक श्रेयस्कर.

वर्तनीतपासणी आणि चिन्हाची जागा

रोमन कळांवरून मराठी लिहिताना प्रत्येक कळ आपल्यालगतच्या अक्षरावर परिणाम करते. व्हिएतनामीत सुराची कळ शब्दाच्या शेवटी दाबली तरी चालते. मागे जाऊन योग्य स्वर शोधण्याचे काम अ‍ॅड-ऑनकडे असते. म्हणून त्याला व्हिएतनामी शब्दावयवाच्या रचनेचे ज्ञान द्यावे लागते, आणि पुढील दोन पर्याय त्यातूनच निर्माण झाले आहेत.

वर्तनीतपासणी चालू ठेवल्यास व्हिएतनामीत न बसणाऱ्या अक्षरक्रमावर चिन्ह दिले जात नाही. 'क्लास' हा इंग्रजी शब्द तीमुळे सुखरूप राहतो, कारण सी आणि एल ही जोडी व्हिएतनामीत शब्दारंभी येत नाही. मात्र टी, एच, आय, एस या कळांनी लिहिलेला 'धिस' हा शब्द वाचत नाही. त्यातील पहिली तीन अक्षरे व्हिएतनामीतही शक्य असल्याने टेलेक्समध्ये शेवटचा एस नाहीसा होऊन आय या अक्षरावर सूर चढतो. अशा वेळी तीच कळ पुन्हा दाबल्यास चिन्ह जाऊन मूळ अक्षर परत येते. टोपी नको असताना दोन ओ लिहायचे झाल्यास याच न्यायाने ओ तीनदा दाबतात. भांडे या अर्थाचा 'सूंग' हा फ्रेंचमधून आलेला शब्द त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

तपासणीची दुसरी बाजूही आहे. 'डाक लाक' हे मध्य पठारावरील प्रांताचे नाव म्नोंग भाषेतून आले असून लेखनात त्याच्या शेवटी के हे अक्षर येते. व्हिएतनामीच्या नियमित वर्तनीत के शेवटी येत नाही, त्यामुळे काटेकोर तपासणी असे नाव नाकारू शकते. अल्पसंख्य भाषांतील नावे लिहिताना हा पर्याय तात्पुरता बंद करावा लागतो.

दुसरा पर्याय 'जुन्या शैलीची चिन्हे' हा. ओ-ए, ओ-ई किंवा यू-वाय अशा जोडीने संपणाऱ्या शब्दात जुन्या रूढीनुसार सूर पहिल्या स्वरावर, तर नव्या रूढीनुसार दुसऱ्या स्वरावर येतो. दोन्ही लेखने प्रचलित आहेत आणि अर्थ बदलत नाही. तरीही एकाच लेखात दोन्ही रूपे आली तर शोध घेताना निम्मे शब्द निसटतात, म्हणून संपादनात एकवाक्यता पाळणे इष्ट.

मर्यादा आणि दक्षता

अ‍ॅड-ऑनचे कार्यक्षेत्र पानावरील लेखनचौकटींपुरते असते. पत्त्याच्या पट्टीत व ब्राउझरच्या स्वतःच्या मांडणीपानांवर ते सहसा चालत नाही, आणि खासगी खिडकीत त्याला वेगळी अनुमती द्यावी लागते. संगणकात युनिकीसारखी स्वतंत्र आज्ञावली आधीच चालू असेल तर दोघांपैकी एक बंद करणे आवश्यक आहे; अन्यथा प्रत्येक कळेवर दोनदा प्रक्रिया होऊन अक्षरे विस्कटतात.

ईमेल पत्ता किंवा सदस्यनाव लिहिण्याच्या चौकटी वगळण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. सदस्यनावातील एका अक्षरावर नकळत सूर चढला की प्रवेश नाकारला जातो आणि कारण चटकन ध्यानात येत नाही.

नोव्हेंबर २०१७ मधील फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीपासून जुन्या धाटणीची अ‍ॅड-ऑन चालेनाशी झाली. त्याआधी लिहिलेल्या मार्गदर्शक सूचना आजच्या ब्राउझरला बहुधा लागू पडत नाहीत. नवी अ‍ॅड-ऑन बसवताना सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. कळ दाबताच अक्षर बदलायचे तर ही परवानगी लागतेच. पण तीच परवानगी टंकलेखनाच्या नावाखाली वापरकर्त्याचा सारा मजकूर टिपण्यासही पुरेशी असते. त्यामुळे अ‍ॅड-ऑन कोणी तयार केले आहे आणि त्याचा मूळ संकेत खुला आहे का, हे बसवण्यापूर्वी पाहावे, आणि काम संपल्यावर सामाईक संगणकावरून ते काढून टाकावे.