मोठे इंजिन, जुनी गाडी

मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावहून चांदवडकडे निघाले की वाटेत राहुड घाट लागतो. कसाऱ्याच्या घाटापुढे हा घाट अगदीच लहान. पण कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या जुन्या पिकअपला तोही पुरे होतो. ड्रायव्हर चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, मागे ट्रकचे हॉर्न वाजू लागतात आणि गाडी रांगत वर चढते. "गाडी फार दम टाकते हो," अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो. मिस्तरी बॉनेट उघडतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "यात मोठे इंजिन टाकू. बघा मग कशी पळते!"

विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला कितपत खरा? ते ठरवायला तुमच्या शाळेच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

आधी दोन इंजिनांची ओळख करून घेऊ. महिंद्राच्या जीप आणि त्या कुळातील लहान मालगाड्यांत १९८० च्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन येऊ लागले. त्याचे नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले धाव गुणिले चार केले की २११२ घनसेंटिमीटर येतात, करून पाहा. दुसरे इंजिन २५२३ घनसेंटिमीटरचे. याचा व्यास ८८.९ आणि धाव १०१.६ मिलिमीटर. आकडे चमत्कारिक वाटतात ना? त्यांना २५.४ ने भागा. बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच! हे इंजिन मूळच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले. १९६३ पासून महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ते ट्रॅक्टर भारतात बनविण्यास सुरुवात केली. एक इंजिन मीटरच्या देशातले, दुसरे इंचाच्या, आणि ही जन्मखूण पुसली जात नाही. साहजिकच एकाच्या बोल्टांची भोके दुसऱ्याच्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत. मग मिस्तरी लोखंडाची जाड पट्टी कापून, भोके पाडून मधे बसवतो. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आणण्याचे हे काम फार नाजूक आहे. त्यात केसाएवढी चूक राहिली तरी क्लच आणि बेअरिंग लवकर खराब होतात.

आता खरा प्रश्न. लहान इंजिन सुमारे ६२ अश्वशक्ती देते, पण मिनिटाला ४५०० फेरे झाल्यावर. मोठ्या इंजिनाचा टर्बोचार्जर लावलेला प्रकार बोलेरो गाडीत होता; तो सुमारे ६३ अश्वशक्ती देतो, आणि तीही ३२०० फेऱ्यांवर. म्हणजे इंजिन चारशे घनसेंटिमीटरांनी मोठे झाले आणि शक्ती वाढली अवघी एक! मग मिस्तरी सांगतो ती ओढ आली कोठून?

ती आली पिळातून. दांडा फिरविणाऱ्या बलाच्या या पिळाला इंग्रजी पुस्तके टॉर्क म्हणतात. शक्ती म्हणजे पीळ गुणिले कोनीय वेग. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. हिशेब केला तर लहान इंजिनाचा पीळ ४५०० फेऱ्यांवर ९८ न्यूटन-मीटर येतो, मोठ्याचा ३२०० फेऱ्यांवर १४०. फेरे आणखी कमी केले की फरक अधिक ठळक होतो. लहान इंजिनाचा कमाल पीळ २००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे १२०, तर मोठ्याचा १५०० च्या आसपास सुमारे १८०. दीडपट! ड्रायव्हरला जाणवते ती हीच ओढ. गिअर न बदलता गाडी चढते, इंजिन किंचाळत नाही.

पण थांबा, चाकापर्यंत काय पोचते ते पाहू. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये, गिअरबॉक्सच्या पुढे, क्राउन-पिनियनची जोडी असते. मालेगावात यंत्रमागाच्या मोटरवर लहान पुली आणि मागावर मोठी पुली असते ना, तसेच हे. फेरे कमी होतात, पीळ तितक्याच पटीने वाढतो. जुन्या जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दाते असत, म्हणजे ५.३८ पट. टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये ४५०० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर होतो. मोठे इंजिन ३२०० च्या पुढे फारसे जात नाही. तेव्हा वेग ७८ वरच अडतो. महामार्गावर मालक वैतागतो. मग मिस्तरी ३.८ पटीची क्राउन-पिनियन बसवतो आणि वेग परत मिळतो.

आता चाकाकडचा पीळ मोजा. पूर्वी ९८ गुणिले ५.३८, म्हणजे ५२७. आता १४० गुणिले ३.८, म्हणजे ५३२. जवळजवळ तेवढाच! कमाल पिळाचा हिशेब केला तरी ६४६ चे ६८४ होतात, सहा टक्के वाढ. यात आश्चर्य काहीच नाही. शक्ती तेवढीच असेल तर त्याच वेगाला ओढही तेवढीच राहणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मिस्तरीच्या पान्याने सुटत नाही. जुनीच क्राउन-पिनियन ठेवली तर दीडपट ओढ मिळते, पण वेग सोडावा लागतो. माझ्या मते घाटात माल वाहणाऱ्याने ओढ घ्यावी. मालकाला मात्र दोन्ही हवे असते.

आणि दीडपट ओढ घेतली तर ती फुकट येत नाही. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा प्रत्येक दांडा, प्रत्येक जॉइंट लहान इंजिनाच्या पिळासाठी बनविलेला असतो. भरीव दांड्यातील ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दीडपट पीळ तितक्याच ताणात सोसायला व्यास सुमारे १५ टक्के वाढवावा लागेल; ३० मिलिमीटरचा दांडा साडेचौतीसचा हवा. तो कोणी बदलत नाही. मग एके दिवशी, भरलेली गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलताना, ॲक्सलचा दांडा तुटतो.

रेडिएटरचेही असेच. डिझेलमधील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली पाण्यावाटे रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर असेल तर थंडीतल्या १५ अंशांच्या सकाळी हा फरक ७५, आणि मालेगावच्या मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या दुपारी फक्त ४७. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात सुमारे ६३ टक्केच काम करतो म्हणा ना! डिसेंबरमध्ये केलेला बदल मे महिन्यात का उकळतो, हे यावरून कळेल.

इथवरच्या बिघाडांत गाडी रस्त्यात उभी राहते, एवढेच. खरा धोका परतीच्या वाटेवर आहे. इंजिन मोठे झाले की मालक माल वाढवतो. चांदवडकडून मागांसाठी सूत भरून येणारी गाडी घाट उतरते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. अडीच टनांची गाडी १०० मीटर खाली आली तर २४.५ लाख ज्यूल मोकळे होतात. ती सगळी ब्रेकमध्ये गेली आणि चारही ड्रम मिळून ४० किलो लोखंड धरले, तर ड्रम सुमारे १३३ अंशांनी तापतील. साडेतीन टन भरले तर १८६ अंशांनी, मूळच्या तापमानाच्या वर. तापलेला ड्रम फुगतो, लायनिंगचे घर्षण घटते, ब्रेकमधले तेल उकळले तर पेडल स्पंजासारखे खाली जाते. इंजिन बदलले, ब्रेक मात्र तेच आहेत! जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हे शहाणपण शंभर टक्के शास्त्रीय आहे. त्यात बरीचशी ऊर्जा इंजिनातील हवा दाबण्यात आणि घर्षणात खर्च होते आणि ड्रम थंड राहतात.

कायदाही या बाबतीत कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंधन बदलण्यासारखे काही अपवाद आहेत. एमएच-४१ क्रमांकाच्या गाडीची नोंदणी मालेगावच्याच परिवहन कार्यालयात होते, आणि नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच पाहते.

तुमच्या गावाजवळ घाट असेल तर त्याची उंची शिक्षकांच्या मदतीने नकाशावरून काढा, एखाद्या ओळखीच्या पिकअपचे भरलेले वजन विचारून घ्या आणि वरचा ब्रेकचा हिशेब पुन्हा करा. ड्रमचे वजन गॅरेजमध्ये मिळेल. लोखंडाची विशिष्ट उष्णता दर किलोला दर अंशाला ४६० ज्यूल धरा.