निळा ठिपका + पिवळा ठिपका = हिरवा? एका फसलेल्या चित्राची गोष्ट

'चल' आणि 'नियंत्रण' हे शब्द आपण पेटच्या परीक्षेसाठी पाठ करतो. मला ते खरे कळले एका फसलेल्या चित्रामुळे.

दिवाळीत जवळा बाजारला घरी होतो. तांब्यात ठेवलेल्या झेंडूचं तैलचित्र ठिपक्यांनी काढायचं ठरवलं. फ्रान्सच्या जॉर्ज स्यूराची ही पद्धत, पॉइंटिलिझम. त्याचं 'ला ग्रांद जात' बेटावरचं प्रसिद्ध चित्र १८८४ ते १८८६ मधलं. रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत, ठिपके शेजारी-शेजारी द्यायचे, लांबून डोळाच ते एकत्र करतो. निळे-पिवळे ठिपके लांबून हिरवे दिसतात असंही बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. मी पानं तशीच रंगवली.

एक पान मस्त हिरवं आलं, दुसरं मळकट राखाडी! ट्यूब त्याच दोन: अल्ट्रामरीन निळा आणि लेमन यलो. मग फरक कशाचा?

वहीत तारखा लिहिल्या होत्या म्हणून सापडलं. पहिल्या पानावर निळे ठिपके ओले असतानाच पिवळे दिले होते. दुसऱ्या पानाला मध्ये आठवडाभर वेळ मिळाला होता. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला काही दिवस लागतात.

नेमकं काय घडलं?

ओले रंग एकमेकांत मिसळले की निळं रंगद्रव्य लाल-पिवळा प्रकाश शोषतं आणि पिवळं निळा शोषतं. दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. ही वजाबाकी झाली.

ठिपके वेगळे राहिले की प्रत्येक जण आपला प्रकाश पाठवतो आणि डोळ्यात त्यांची सरासरी होते. पिवळ्यात लाल आणि हिरवा प्रकाश असतोच. त्यात निळा आला की तिन्ही जमले, म्हणजे राखाडी. पुठ्ठ्याच्या चकतीला अर्धा निळा, अर्धा पिवळा रंग देऊन जोरात फिरवा, हेच दिसेल.

अंतरही एक चल आहे

आपला डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशोबाने १ मिमीचे ठिपके सुमारे साडेतीन मीटरवरून एक होतात, २ मिमीचे सात मीटरवरून. माझी खोली तीन मीटरची! शेवटी चित्र अंगणात नेऊन पाहिलं.

मग तपासलं कसं?

एकाच कॅनव्हासवर तीन चौकोन केले: पॅलेटवर कालवलेला रंग, ओल्यावर ओले ठिपके, वाळल्यावर दिलेले ठिपके. ट्यूब, प्रमाण, उजेड, अंतर सगळं सारखं. पहिले दोन हिरवे, तिसरा राखाडी. शंका मिटली.

पानं आता पोपटी आणि गडद हिरव्या ठिपक्यांनी रंगवली. स्यूरानेही गवतासाठी तयार हिरवे रंग वापरलेच होते. झेंडूमागच्या सावलीत निळे ठिपके दिले, तशी नारंगी फुलं उठून दिसू लागली. शेजारचा रंग रंगाची जाणीव बदलतो, हे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच पुस्तकात मांडलं होतं.

समजा पहिलं पान काढूनच मी थांबलो असतो, तर? चुकीचा दावा 'सिद्ध झाला' म्हणून मोकळा झालो असतो. आपल्याला हवं तसं उत्तर आलं की आपण प्रश्न विचारणं थांबवतो, धोका तिथेच असतो. तेव्हा वहीत तारीख लिहा, आणि मनासारखा निकाल आला की प्रयोग आणखी एकदा करा.