गांधीवादी घरातला शास्त्रज्ञ आणि अणुबॉम्बचा प्रश्न

‘ओपनहायमर’ चित्रपट पाहून अनेकांना प्रश्न पडला असेल : दोष कुणाचा, बॉम्ब बनवणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? हा प्रश्न आपल्या नर्मदाकाठाशीही जोडलेला आहे.

जबलपूरच्या तिलवारा घाटावर गांधीजींच्या अस्थी नर्मदेत विसर्जित झाल्या. आणि याच शहरात १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे. अहिंसेची आठवण आणि शस्त्रांवर चालणारी चूल, दोन्ही इथे शेजारी-शेजारी नांदतात.

हीच नर्मदा पुढे बडवानीजवळून वाहते. तिथे १९४३ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म झाला. आई कमला आणि वडील पुरुषोत्तम, दोघेही गांधीवादी. गोवामुक्तीच्या लढ्यात वडिलांना पोर्तुगीजांनी कैद केलं. अशा घरातला हा मुलगा पुढे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात गेला आणि १९७४ व १९९८ या दोन्ही पोखरण चाचण्यांमध्ये सहभागी झाला.

१९७४ च्या स्फोटाला भारताने ‘शांततापूर्ण’ म्हटलं. त्यातलं प्लुटोनियम कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या ‘सायरस’ अणुभट्टीतून आलं होतं. ती मदत शांततेच्या कामासाठीच दिली होती, असं म्हणत कॅनडाने पुढे अणुसहकार्य थांबवलं.

समर्थक म्हणतात, शेजाऱ्यांकडे अण्वस्त्रं असताना आपण निःशस्त्र कसं राहायचं? हा मुद्दा खोटा नाही. चीनने १९६४ मध्येच अणुचाचणी केली होती. पण ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेल्या एकाच बॉम्बमुळे त्या वर्षअखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. तोफ निदान कुठे रोखायची हे ठरवता येतं; अणुबॉम्बला सैनिक आणि शाळेत निघालेलं मूल यांतला फरक कळत नाही.

म्हणूनच २००३ मध्ये भारताने जाहीर केलेलं धोरण महत्त्वाचं आहे : अण्वस्त्र स्वतःहून आधी वापरायचं नाही. बॉम्ब हाती असलेल्या देशाने स्वतःच्या हाताला घातलेला हा लगाम आहे. तो सैल करावा का, अशी चर्चा अधूनमधून होत असते.

बॉम्ब दुष्ट माणसंच बनवतात असं नाही. चांगल्या घरातली, देशावर प्रेम करणारी माणसंही बनवतात. त्यामुळे जबाबदारी फक्त शास्त्रज्ञांवर ढकलून चालणार नाही. तो लगाम घट्ट ठेवा, हे सरकारला सांगत राहणं आपलं काम आहे.

आज जेवताना मुलांना विचारून पाहा : शस्त्र जवळ असूनही ते न वापरणं, ही ताकद की कमजोरी?