प्रारंभाच्या चाली आणि त्यांमागचें ‘कां’

बुद्धिबळाच्या डावाचा प्रारंभ म्हणजे पाठ केलेल्या चालींची यादी, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, हें देवळाली कॅम्पाच्या शेजारच्या नाशिक शहरांत १९९४ सालीं जन्मलेल्या विदित गुजराथी यांच्या एका डावावरून चांगलें उमगतें.

२०२३ सालीं आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेंत पहिलें स्थान मिळवून विदित जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या आठ जणांच्या स्पर्धेस पात्र झाले. ती एप्रिल २०२४ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें भरली. दुसऱ्या फेरींत समोर अमेरिकेचे हिकारू नाकामुरा होते. दीर्घ मुदतीच्या ४७ डावांत ते हरले नव्हते. शिवाय पांढरीं मोहरीं त्यांचींच होतीं.

डाव स्पॅनिश पद्धतीनें सुरू झाला. रुय लोपेझ या धर्मगुरूच्या १५६१ सालच्या ग्रंथामुळें त्याचें नांवही या प्रारंभास मिळालें आहे. दोन्ही राजांपुढचीं प्यादीं दोन-दोन घरें सरकतात. पांढरा घोडा काळ्या प्याद्यावर रोख धरितो, काळा घोडा त्याची राखण करितो, आणि पांढरा उंट त्या राखणदारासच भिडतो. येथें काळ्यानें उंटास न हुसकतां दुसरा घोडा काढून पांढऱ्या प्याद्यावर उलट रोख धरिला, कीं तो बर्लिन बचाव होय. २००० सालीं लंडन येथें क्रामनिकनें याच बचावाचा आश्रय केला; त्या सामन्यांत कास्पारोव्हला एकही डाव जिंकतां आला नाहीं, व त्याचें जगज्जेतेपद गेलें. तेव्हांपासून बर्लिन बचाव म्हणजे अभेद्य भिंत, अशी त्याची ख्याति झाली.

विदित यांनीं या भिंतीआडून हल्ला चढविला. अकराव्या चालीस त्यांच्या उंटानें राजाच्या बाजूचें, एक घर पुढें सरकलेलें कडेचें प्यादें मारिलें. उंटाचें मोल तीन प्याद्यांइतकें. तो एका प्याद्यासाठीं देणें वरवर तोट्याचें. परंतु त्यामुळें राजाचें कवच फुटतें, आणि प्रतिपक्षास घड्याळाच्या धाकांत नवा विचार करावा लागतो. ही चाल घरीं तयार केलेली होती. पण प्रतिपक्ष पुढें कोणत्या वाटेनें जाईल, हें सारें कोणत्याही वहींत मावत नाहीं. तेथून समज कामास येते. विदित यांनीं तो डाव जिंकला. नवव्या फेरींत पांढरीं मोहरीं घेऊन नाकामुरांस पुन्हां हरविलें.

स्पर्धा मात्र गुकेश यांनीं जिंकली. विदित यांस १४ पैकीं ६ गुण मिळाले. एका उत्तम चालीनें स्पर्धा जिंकतां येत नाहीं, हाही त्यांतलाच धडा. असो. घरांतील मुलास प्रारंभ शिकवितांना चालींच्या क्रमाबरोबर प्रत्येक चालीचें ‘कां’ही शिकवावें; क्रम विसरला, तरी ‘कां’ हाताशीं राहतें.