वालीची राख की गोठ्याची?

हंपीजवळ निंबापुरम गावाच्या शिवारात राखेचा एक जुना ढिगारा आहे. रामाच्या बाणाने पडलेल्या वालीला इथेच अग्नी दिला, असे गावकरी सांगतात. भोवती किष्किंधेचा परिसर. त्यामुळे कथा चटकन पटते. पण असे ढिगारे बळ्ळारी, रायचूर, यादगीरपासून तेलंगणातील महबूबनगरपर्यंत शंभरच्या आसपास आहेत. मग एवढी राख आली कुठून?

इंग्रजी अमदानीत अनेक तर्क झाले. राखेत काचेसारखे वितळलेले गठ्ठे सापडतात, म्हणून कुणाला ज्वालामुखी आठवला, तर कुणाला लोखंडाच्या भट्ट्या. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र हे जळालेले शेण असावे, असे सुचवले. गवतातली सिलिका शेणात उतरते आणि प्रखर आगीत वितळून काचेसारखी होते. पुढे रासायनिक तपासणीनेही त्यांच्या तर्काला दुजोरा दिला.

खरा उलगडा झाला तो १९५७ साली. महबूबनगर जिल्ह्यातील उटनूर येथे रेमंड ऑलचिन यांनी उत्खनन केले. तिथे कुंपणाच्या खांबांचे खळगे मिळाले आणि राखेच्या थरात चक्क गुरांच्या खुरांचे ठसे! हा नवाश्मयुगीन पशुपालकांचा गोठा होता. तो पुन्हा पुन्हा जळाला आणि पुन्हा उभा राहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकात सुरपूरजवळ बुदिहाळ येथे खोदकाम केले, तेव्हा गोठ्याशेजारी माणसांची वस्तीही आढळली. काळ सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा.

आता शेतकरी विचारेल, शेण म्हणजे खत आणि सरपण. ते कुणी असे जाळून टाकील का? ऑलचिन यांना इथे सणांच्या होळ्या आठवल्या. दक्षिण कर्नाटकात संक्रांतीला आजही गुरांना आगीवरून उडी मारायला लावतात. हे जाळणे असाच एखादा विधी असावा, असे त्यांचे मत. काही अभ्यासक तर हे ढिगारे मुद्दाम रचलेली स्मारके मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटवणारा पुरावा ढिगाऱ्यांच्या थरांतच आहे, आणि नेमके तेच थर नाहीसे होत आहेत. कुठे ही राख खत म्हणून शेतात जाते, कुठे रस्त्यासाठी ढिगारा कापला जातो. एकदा उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही. त्यावरचा खुराचा ठसाही मग कायमचा जातो. वालीची कथा गावाने जरूर सांगावी. पण ती सांगताना बोट दाखवायला ढिगारा तरी जागेवर राहिला पाहिजे.