जलविद्युत् प्रकल्पाच्या परवान्याचे नूतनीकरण व नदीच्या अभ्यासाची आखणी

धरणाचे पाणी कोणास, केव्हा आणि किती द्यावयाचे, हा निर्णय एकदा झाला म्हणजे तो एका पिढीपुरता तरी कायम राहतो. यास्तव तो ज्या माहितीवर आधारावयाचा, ती माहिती वेळेवर व विचारपूर्वक गोळा करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक बिगरसरकारी व स्थानिक संस्थांच्या जलविद्युत् प्रकल्पांना केंद्रीय परवाना घ्यावा लागतो. ही पद्धत १९२० च्या कायद्याने सुरू झाली. परवान्याची मुदत साधारणपणे ३० ते ५० वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी धारकास नव्याने अर्ज करावा लागतो. १९८६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, वीजनिर्मितीइतकाच विचार मासे, वन्य प्राणी, करमणूक व पर्यावरण यांचाही करण्याचे बंधन परवाना देणाऱ्या आयोगावर घालण्यात आले. नूतनीकरण ही केवळ औपचारिक बाब नव्हे. केनेबेक नदीवरील एडवर्ड्स धरणाचा परवाना आयोगाने १९९७ साली नाकारला व १९९९ साली ते धरण काढून टाकण्यात आले.

नूतनीकरणापूर्वी नदीचा अभ्यास कसा आखतात आणि शेतीशी त्याचा संबंध काय, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

सिंचन-मंडळांचे धरण

कॅलिफोर्नियातील टुओलम्नी नदीवर डॉन पेड्रो हे धरण आहे. त्याचे मालक टर्लॉक व मोडेस्टो येथील सिंचन-मंडळे होत. दोन्ही मंडळे १८८७ साली स्थापन झाली असून स्थानिक मतदारांनी निवडलेले सभासद त्यांचा कारभार पाहतात. त्यांनी १८९३ साली ला ग्रेंज येथे कालव्यांसाठी बंधारा पुरा केला, १९२३ साली पहिले डॉन पेड्रो धरण व १९७१ साली त्याजागी सध्याचे मोठे धरण बांधले. याची साठवण सुमारे २० लाख एकर-फूट, म्हणजे ८८ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. आपल्या कोयनेच्या जलाशयाची सुमारे १०५ टीएमसी क्षमता ध्यानात घेतल्यास या धरणाचा आवाका लक्षात येईल. त्यावर दोन लाखांहून अधिक एकरांतील बदाम, चारा, मका, फळबागा व द्राक्षे अवलंबून आहेत.

याच नदीत साल्मन मासा समुद्रातून चढून येतो. ला ग्रेंज बंधाऱ्याखालील सुमारे ५२ मैलांच्या पात्रात, खडीच्या तळात तो शरद ऋतूत अंडी घालतो. पिले हिवाळ्यात बाहेर पडतात व उन्हाळा तापण्यापूर्वी समुद्राकडे निघतात. अंड्यांना सुमारे १३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण पाणी मानवत नाही. माशांसाठी नदीत किती पाणी सोडावे, हा येथील वादाचा मुख्य मुद्दा होय. १९९६ साली ठरलेल्या अटींप्रमाणे पर्जन्यमानानुसार वर्षाला सुमारे ४ ते १३ टीएमसी पाणी नदीत सोडावयाचे होते. हा आकडा वाढला तर दुष्काळी वर्षी कालव्यास तेवढे कमी पडणार आणि तो अपुरा असला तर माशांची वीण खुंटणार. दोन्ही बाजूंचे नुकसान खरे आहे. म्हणूनच अभ्यासास महत्त्व आहे.

वेळेचे गणित

परवान्याची मुदत संपण्यापूर्वी ५ ते साडेपाच वर्षे धारकाने आपला मनोदय कळवून उपलब्ध माहितीचा अहवाल सादर करावयाचा असतो. मुदतीपूर्वी २ वर्षे पूर्ण अर्ज द्यावा लागतो. मधला काळ सुमारे तीन वर्षांचा. त्यातील काही महिने सभा, सूचना व आराखड्याच्या दुरुस्तीत जातात. प्रत्यक्ष मोजणीस बहुधा दोनच हंगाम मिळतात.

डॉन पेड्रोचा परवाना एप्रिल २०१६ मध्ये संपणार होता. मंडळांनी फेब्रुवारी २०११ मध्ये मनोदय कळविला व डिसेंबर २०११ मध्ये आयोगाने अभ्यासाच्या आराखड्यावर निर्णय दिला. तोपर्यंत त्या वर्षीची साल्मनची वीण बहुतांशी उरकलेली होती. पेरणीची वेळ टळल्यावर बियाणे हाती यावे, तसा हा प्रकार होय. म्हणून आराखडा करताना प्रथम प्राण्याचा व पिकाचा हंगाम पाहावा आणि मग कागदपत्रांच्या तारखा त्यास जुळवाव्या.

दुसरी अडचण पर्जन्यमानाची. पुढील २०१२ व २०१३ ही वर्षे कॅलिफोर्नियात कोरडी गेली. उलटपक्षी जानेवारी १९९७ मध्ये याच धरणाच्या सांडव्यावरून महापूर वाहिला होता. दोन कोरड्या वर्षांच्या मोजणीवरून पुढील चाळीस वर्षांच्या अटी ठरविणे धोक्याचे. यास्तव १९७१ पासूनच्या नोंदी घेऊन धरणाच्या दैनंदिन कारभाराचे गणिती प्रतिरूप तयार करण्यात आले व निरनिराळ्या वर्षांत अमुक इतके पाणी सोडल्यास काय होईल, हे त्यावरून पडताळण्यात आले.

प्रश्न आधी, मोजणी नंतर

नवा अभ्यास सरकारी खाती, आदिवासी जमाती, कोळी, शेतकरी अथवा कोणीही नागरिक सुचवू शकतो. परंतु सूचनेत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात :

१. अभ्यासाचा हेतू व त्यातून कोणती माहिती हवी.
२. सूचना खात्याची असल्यास त्या खात्याची उद्दिष्टे; इतरांची असल्यास त्यातील सार्वजनिक हित.
३. आज उपलब्ध असलेली माहिती आणि ती का पुरत नाही.
४. प्रकल्पाच्या कारभाराशी त्या प्रश्नाचा संबंध, आणि निष्कर्षाचा परवान्याच्या अटी ठरविताना होणारा उपयोग.
५. मोजणीची शास्त्रमान्य पद्धत.
६. श्रम व खर्च यांचा अंदाज, आणि कमी खर्चाचा पर्याय का चालणार नाही.

यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उत्तर काहीही आले तरी ज्या अभ्यासाने कोणतीच अट बदलणार नाही, तो अभ्यास कितीही काटेकोर असला तरी व्यर्थ होय. टुओलम्नीच्या प्रकरणी, पिले मरतात ती पाण्याच्या तुटीमुळे की बाहेरून आणून सोडलेल्या बास जातीचे मासे त्यांस खातात म्हणून, हा प्रश्न होता. उत्तर पहिले असेल तर नदीत अधिक पाणी सोडावे लागेल. दुसरे असेल तर केवळ पाणी वाढविल्याने हेतू साधणार नाही. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात आणि वाढलेल्या प्रवाहाने भक्षकांची संधीही बदलू शकते. म्हणून पाण्याचे तापमान, प्रवाह, खडीची स्थिती, पिलांची संख्या व भक्षक मासे यांचा परस्परांशी संबंध जोडून विचार करावा लागतो. एकेक बाब सुटी मोजल्यास प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा आकडा उचलतो व तंटा मिटत नाही.

अर्ज २०१४ साली सादर झाला व आयोगाचा अंतिम पर्यावरण अहवाल २०२० साली निघाला. मुदत संपल्यावर निर्णय होईपर्यंत वार्षिक परवान्यावर काम चालते व जुन्याच अटी चालू राहतात. विलंबामुळे नदी व शेत या दोहोंचीही अनिश्चितता वाढते.

आपल्या विस्तार कार्यकर्त्यांसाठी

आपल्याकडील पद्धती निराळी आहे. तथापि २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या नदीखोरे प्रकल्पांसाठी अभ्यासाची कार्यकक्षा आधी ठरविली जाते व जनसुनावणी घेतली जाते. त्या वेळी शेतकऱ्याने मांडलेली नोंद तोंडी तक्रारीपेक्षा अधिक उपयोगी पडते. याकरिता गावात पुढील नोंदी ठेवाव्या : विहिरीची पातळी पावसाळ्याअखेर व मे महिन्यात, कालव्यास पाणी सुटल्याच्या व बंद झाल्याच्या तारखा, नदीचा प्रवाह तुटल्याचा दिवस, रोजचा पाऊस. प्रत्येक नोंदीवर तारीख, जागा व मोजण्याची रीत लिहावी आणि मोजण्याची जागा दरवर्षी तीच ठेवावी. कोरडे व ओले असे दोन्ही प्रकारचे हंगाम वहीत येईपर्यंत हे काम नेटाने चालू ठेवावे. सुनावणीची नोटीस निघाल्यावर वही उघडणाऱ्याच्या हाती एकाच हंगामाची माहिती पडते, हे विसरू नये.