ससाण्याचें गोत्र

शिक्षकीच्या काळांत मी कित्येक वर्षें फळ्यावर एक यादी लिहून देत असें: 'शिकारी पक्षी : गरुड, घार, शिक्रा, ससाणा.' चौघांची चोंच बांकदार, नखें तीक्ष्ण, दृष्टि तीव्र. तेव्हां चौघांचें कुळ एक, असें मी निःशंकपणें सांगें. एकदां एका विद्यार्थ्यानें ससाणा वेगळ्या रकान्यांत लिहिला. विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, घार काटक्यांचें घरटें बांधते, ससाणा बांधीत नाहीं. तो कड्याच्या कपारींत नाहीं तर परक्याच्या घरट्यांत संसार मांडतो." मीं त्याचा एक गुण कापला. त्या गुणाचें ऋण आज फेडावयाचें आहे.

नातें कशावरून ठरवावें? रूप पुष्कळदां फसवितें. गांवांतील दोन सुतार सारखीच करवत वापरतात, एवढ्यावरून ते सख्खे भाऊ ठरत नाहींत. मांस फाडावयाचें तर बांकदार चोंच हवीच. ती दोन घराण्यांत स्वतंत्रपणें आलेली असेल, किंवा फार दूरच्या समाईक पूर्वजाची ठेव म्हणून टिकलेली असेल. दोहोंपैकीं कांहींहि खरें असलें तरी जवळचें नातें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

प्रत्येक पेशींत मात्र वंशाचा एक लेख असतो. त्यालाच डीएनए म्हणतात. २००८ मध्यें शास्त्रज्ञांनीं १६९ जातींच्या पक्ष्यांच्या या लेखांतील १९ उतारे ताडून पाहिले. निष्कर्ष विलक्षण निघाला: गरुड, घार व शिक्रा एका शाखेवर, ससाणा मात्र पोपट आणि चिमणी-कावळ्यांच्या प्रचंड समूहाशेजारीं!

यावर शंका घेणारे होतेच. परंतु २०११ मध्यें निराळ्या जातीचा पुरावा पुढें आला. या लेखांत कांहीं तुकडे मूळ जागेवरून नकलून भलत्याच ठिकाणीं जाऊन बसतात. दोन उत्तरपत्रिकांत एकाच ओळींत एकच विचित्र चूक आढळली, तर आम्ही मास्तर काय ओळखतों? दोघांचें मूळ एक. तशाच समाईक खुणा ससाणा, पोपट व चिमणी यांच्या घराण्यांत सांपडल्या. पुढें २०१४ मध्यें ४८ जातींचे संपूर्ण लेख तपासले गेले, तेव्हांहि हेंच नातें पुनः दिसलें.

याच्या उलट उदाहरण रोहित पक्ष्याचें. शिवडीच्या चिखलांत उंच पायांवर उभा असलेला हा गुलाबी पक्षी बगळ्या-करकोच्यांचा आप्त वाटतो. त्याची सर्वांत जवळची नातलग निघाली ती तळ्यांत बुड्या मारणारी टिबुकली! येथें रूप भिन्न, पण वंश एक.

आतां मागें वळून पाहतां वाटतें, खुणा डोळ्यांसमोरच होत्या. शिक्रा सावज पंजांत आवळून मारतो. ससाणा चोंचीच्या कडेवरील दातासारख्या टोंकानें मानेचा चावा घेऊन मारतो. हत्यारें सारखीं, पण हातोटी निराळी. मीं हत्यारें पाहिलीं. त्या मुलानें पक्षी पाहिला होता.

तेव्हां खिडकींत चिमणी येऊन बसली, तर घरांतील मुलांना अवश्य सांगावें कीं, आकाशांतून बाणासारखा झेपावणारा ससाणा घारीपेक्षां हिला जवळचा आहे. आणि मुलांनीं पुस्तकाविरुद्ध कांहीं सांगितलें, तर गुण कापण्यापूर्वीं त्यांनीं काय पाहिलें तें विचारावें. माझा तो विद्यार्थी कोठें ऐकत असेल, तर त्यानें आपला गुण परत घ्यावा; व्याजासह.